दीड कोटीची एसयूव्ही खरंच तेवढ्या मोलाची असते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आलिशान एसयूव्हींबद्दल मला येणारे बहुतेक प्रश्न "घेऊ का?" असे सुरू होतात. त्याचं सरळ हो-नाही उत्तर मी देत नाही, कारण ते तुमच्या वापरावर ठरतं. पण उत्तरापर्यंत पोचायचा हिशेब सगळ्यांसाठी एकच आहे: गाडीत घातलेल्या पैशातला किती पैसा कधीच परत येणार नाही, आणि त्या पैशाच्या बदल्यात तुमच्या घराला काय मिळणार आहे. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले आहेत. एकसारखे होते ते एकत्र केलेत. दुसऱ्या उत्तराची गरज लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शोरूमची किंमत एक कोटी सांगतात. गाडी दारात उभी राहीपर्यंत ती किती होते?

महाराष्ट्रात, व्यक्तीच्या नावावर, डिझेल गाडी धरू. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला एकरकमी वाहनकर १५ टक्के, म्हणजे १५ लाख. पेट्रोल असेल तर १३ टक्के, म्हणजे १३ लाख. पहिल्या वर्षाचा विमा गाडीप्रमाणे आणि घेतलेल्या जोड-संरक्षणाप्रमाणे बदलतो. मी हिशेबाला साडेतीन लाख धरतो. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस (तुमच्या नावावर आगाऊ भरला जाणारा आयकर) घेतो, इथे एक लाख. हा लाख मात्र गेलेला पैसा नाही. आयकर विवरणपत्रात तो तुमच्या कराशी वळता होतो. दरवर्षी कुणी ना कुणी तो मागायचा विसरतो, म्हणून पावती जपून ठेवा.

थोडक्यात, एक कोटीची डिझेल गाडी दारात येते ती साधारण एक कोटी साडेअठरा लाखांना, आणि टीसीएस वेगळा.

अजून एक गोष्ट. राज्यात या एकरकमी कराला कमाल मर्यादा आहे. १ जुलै २०२५ पासून ती २० लाखांवरून ३० लाख झाली. दोन कोटींच्या डिझेल गाडीला बरोबर ३० लाख बसतात, आणि तीन कोटींच्या गाडीलाही तेवढेच. गाडी जितकी महाग तितकं कराचं प्रमाण घटतं, पण तो गाडी घ्यायचा हेतू होऊ शकत नाही.

२. तीच गाडी परदेशात निम्म्या किमतीला मिळते. आपल्याकडे एवढी महाग का?

पूर्ण तयार होऊन बोटीने येणाऱ्या गाडीचं गणित बघा. चाळीस हजार डॉलरवरच्या गाडीवर सीमाशुल्काचा एकूण भार ११० टक्के आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्के झालं, पण त्यावर ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर बसला, त्यामुळे बेरीज जिथल्या तिथे राहिली. बंदरात पोचलेली गाडी ५० लाखांची धरली, तर शुल्कानंतर ती १ कोटी ५ लाखांची होते. त्यावर ४० टक्के जीएसटी लागला की १ कोटी ४७ लाख. विक्रेत्याचा नफा आणि आरटीओ अजून बाकीच आहेत.

म्हणून गाडी कुठे जोडली जाते हा पहिला प्रश्न विचारायचा. सुटे भाग आणून इथे जोडलेल्या गाडीवर शुल्क फार कमी बसतं. मर्सिडीजच्या जीएलई आणि जीएलएस आपल्या चाकणला जोडल्या जातात. ऑडीची क्यू-७ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यूच्या एक्स-५ आणि एक्स-७ चेन्नईजवळ, व्होल्वोची एक्ससी-९० बेंगळुरूजवळ होसकोट्याला. याउलट टोयोटाची लँड क्रूझर ३०० जपानहून तयार येते.

सर्वात बोलकं उदाहरण रेंज रोव्हरचं. १९७० पासून ही गाडी इंग्लंडमध्ये बनते आहे, आणि २००८ पासून तिची कंपनी, जग्वार लँड रोव्हर, टाटांची आहे. मे २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्यात जोडायचं जाहीर झालं आणि किमती एकदम उतरल्या. मोठी रेंज रोव्हर २ कोटी ३६ लाखांपासून आणि स्पोर्ट १ कोटी ४० लाखांपासून मिळू लागली. गाडी तीच होती. कमी झाला तो कराचा भाग. ज्यांनी त्याआधी काही महिने गाडी घेतली, त्यांच्या गाडीचा जुन्या बाजारातला भावही त्याच दिवशी पडला. महाग गाडीच्या किमतीत कराचा वाटा जेवढा मोठा, तेवढी ती सरकारी निर्णयाने रातोरात स्वस्त व्हायची जोखीम मोठी.

३. मग जीएसटी अजून कमी होईल, ब्रिटनशी करार झालाय, तर थांबू का?

मोठ्या एसयूव्हींवर आधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर, म्हणजे एकूण ५० टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि सपाट ४० टक्के आले. म्हणजे दीड कोटीची गाडी साधारण एक कोटी चाळीस लाखांवर आली. ही कपात होऊन गेली आहे. पुढची गृहीत धरून थांबू नका.

ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्यात तयार गाड्यांवरचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे, पण टप्प्याटप्प्याने आणि ठरावीक संख्येपुरतं. शिवाय गाडी ब्रिटनमध्ये बनलेली हवी. लँड रोव्हरची डिफेंडर ब्रिटिश नावाची असली तरी ती स्लोव्हाकियात नित्रा इथे बनते, म्हणून तिला हा करार लागू नाही. युरोपीय संघाबरोबरचा करार वेगळा आणि त्याचं वेळापत्रकही वेगळं. इथे जोडल्या जाणाऱ्या गाडीसाठी थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. तयार आयात होणारी तीन-चार कोटींची गाडी मनात असेल, तर मात्र कराराचे टप्पे बघूनच पाऊल टाका.

४. पाच वर्षांत अशी गाडी खरी कितीला पडते?

बाकी सगळे प्रश्न या प्रश्नाच्या पोटात आहेत. कागद-पेन घ्या आणि माझ्याबरोबर मांडा. आकडे गृहीत आहेत, तुमचे घालून बघा.

प्रश्न १ मधली गाडी दारात आली १ कोटी १८ लाख ५० हजारांना. वर्षाला १० हजार किलोमीटर चालली आणि पाच वर्षांनी शोरूमच्या किमतीच्या निम्म्याला, ५० लाखांना विकली. म्हणजे साडेअडुसष्ट लाख उतरले. डिझेल लिटरला ९० रुपये आणि सरासरी १० किलोमीटर धरली, तर पाच वर्षांचं इंधन फक्त साडेचार लाख. पुढच्या चार वर्षांचा विमा आठ लाख धरू. सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, बॅटरी आणि टायरचा एक संच मिळून आठ लाख. एकूण ८९ लाख, भागिले ५० हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १७८ रुपये.

मायलेज किती हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. वरच्या हिशेबात इंधन आहे किलोमीटरला नऊ रुपये, आणि नुसती किंमत उतरण्याचे आहेत १३७ रुपये. दीड कोटीच्या गाडीत दोन किलोमीटर जास्त मिळतात का, यावर रात्र जागवण्यापेक्षा पाच वर्षांनी तिला कोण घेईल याचा विचार करा.

आता तीच गाडी वर्षाला २० हजार किलोमीटर चालवा. विक्रीला पाच लाख कमी येतील, इंधन दुप्पट होईल, सर्व्हिसिंग आणि टायर बारा लाखांवर जातील. बेरीज एक कोटी अडीच लाख, पण किलोमीटरचा भाव १०२ रुपये ५० पैसे. आणि आठ-दहा वर्षं ठेवली तर किंमत उतरण्याचा वेग मंदावतो, तसा दुरुस्तीचा खर्च चढतो (प्रश्न ७ पाहा).

शेवटचा एक आकडा लोक धरतच नाहीत. रोख एक कोटी गाडीत गुंतले की ते दुसरीकडे कामाला येत नाहीत. सात टक्के व्याजाने वर्षाचे सात लाख सुटतात. त्यावर कर लागेल, ते कबूल. तरी तो खर्चच आहे.

माझं मत स्पष्ट आहे. नवी घ्यायची तर खूप चालवायची आणि खूप वर्षं ठेवायची. दर तीन वर्षांनी बदलणाऱ्याने आणि महिन्यातून चारदा बाहेर काढणाऱ्याने नवी घेऊ नये. त्यांच्यासाठी प्रश्न ८ आहे.

५. फॉर्च्युनर पन्नास लाखांत येते. दीड कोटीच्या गाडीत जास्त काय मिळतं?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आदर वाटतो, कारण टोयोटाची फॉर्च्युनर ही दिलेल्या पैशाचं मोल खरोखर देणारी गाडी आहे. वाहतं पाणी, खडी, ऊसाच्या ट्रॉल्यांनी फोडलेला रस्ता, सगळं ती सोसते. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही तिला ओळखतो. जुन्या बाजारात तिला मिळणारा भाव तर सगळ्यांना ठाऊक आहे.

फरक आहे तो बांधणीत. फॉर्च्युनरची बॉडी शिडीसारख्या वेगळ्या चौकटीवर बसवलेली असते. दणकटपणासाठी ती उत्तम, पण वेगात खड्डा आला की मागच्या सीटवरचे हलतात, आणि घाटातल्या वळणावर गाडी कलते. जीएलएस, एक्स-७, रेंज रोव्हर यांची बॉडी एकसंध असते, आणि खाली बहुतेकदा स्प्रिंगऐवजी हवेची सस्पेन्शन. पुण्याहून नागपूरला समृद्धीने जाताना हा फरक पहिल्या तासात कळत नाही, सहाव्या तासाला कळतो. आईला कंबरेचा त्रास असेल, किंवा महिन्यातून तीनदा मुंबई-कोल्हापूर करावं लागत असेल, तर हा फरक चैनीचा राहत नाही.

दुसरा फरक सुरक्षेचा. ज्या ताकदीचे ब्रेक, चारचाकी पकड (इंजिनचा जोर चारही चाकांना), रात्री दूरवर उजेड टाकणारे आणि समोरच्याच्या डोळ्यांवर न जाणारे दिवे, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा या गाड्यांत मिळते, तिने एकदा जीव वाचवला तरी त्याची किंमत कुठल्या हिशेबात धरणार? पण हे सगळं ८०-९० लाखांच्या गाडीतही मिळतं. दीड कोटीच्या पुढे तुम्ही जे पैसे देता ते बहुतांशी शांततेसाठी, चामड्यासाठी, जागेसाठी आणि नावासाठी असतात.

नावासाठी पैसे देण्यात काही वाईट आहे असं मी मानत नाही. बांधकाम, दागिने, लग्नाचे हॉल अशा व्यवसायांत ग्राहक गाडी बघून माणूस जोखतो, हे वास्तव आहे. फक्त स्वतःशी खरं बोला. नावासाठी घेत असाल तर तसं लिहून ठेवा, म्हणजे नावासाठी किती लाख देतोय हा आकडा समोर येतो.

तिसरी एक जात आहे, लँड क्रूझर ३००. फॉर्च्युनरसारखी शिडीची चौकट, त्यावर ३.३ लिटरचं व्ही-६ डिझेल इंजिन आणि ७०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हा किंमत २ कोटी १० लाख होती. आतून ती जर्मन गाड्यांएवढी नटलेली नाही. तिचं मोल टिकण्यात आहे. ज्यांना पंधरा वर्षं एकच गाडी ठेवायची आहे आणि वाट कशीही असली तरी जायचं आहे, त्यांच्यासाठी ती आहे.

६. पेट्रोल, डिझेल की इलेक्ट्रिक?

वर्षाला १५ हजार किलोमीटरच्या वर आणि बहुतेक हायवे असेल तर डिझेल. शहरातल्या शहरात तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर डिझेल घेऊ नका. बीएस-६ डिझेलला धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वच्छ व्हायला गाडी मधूनमधून सलग वेगात पळावी लागते. नाही पळाली तर जाळी तुंबते, आणि महाग गाडीत ती बदलणं फार महाग पडतं.

पेट्रोल गाडी जुनी घेत असाल, तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालते का हे टाकीच्या झाकणावर आणि पुस्तिकेत बघा. आता पंपावर तेच मिळतं.

इलेक्ट्रिकचं करगणित फार वेगळं आहे. जीएसटी ४० ऐवजी ५ टक्के. महाराष्ट्रात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना २०२५ मध्ये ६ टक्के कर सुचवला होता, तो मागे घेतला गेला. अटल सेतूवर टोलही माफ झाला. चाकणला जोडलेली मर्सिडीजची ईक्यूएस एसयूव्ही सप्टेंबर २०२४ मध्ये १ कोटी ४१ लाखांना आली. तेवढीच इंजिनची गाडी याहून बरीच महाग पडली असती. अडचण विक्रीच्या वेळी येते. जुन्या महाग इलेक्ट्रिक गाडीचा ग्राहक अजून बॅटरीला घाबरतो आणि भाव पाडून मागतो. म्हणून इलेक्ट्रिक घ्यायची तर लांबच्या मुदतीसाठी, आणि घरच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायची सोसायटीची परवानगी हातात आल्यावर.

७. वॉरंटी संपली की या गाड्या खातात म्हणे. खरं का?

खरं आहे, पण सगळ्या सारख्या खात नाहीत. नेहमीची वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते, ती पैसे भरून वाढवता येते. हवेची सस्पेन्शन, तिचा कंप्रेसर, चारचाकी पकडीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा भाग), ॲडब्लूची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी आणि सेन्सर, मोठ्या काचेचं छत, दरवाजे ओढून घेणाऱ्या मोटारी: हे सगळं चौथ्या-पाचव्या वर्षानंतर बोलू लागतं. एका कोपऱ्याच्या हवेच्या सस्पेन्शनचं काम लाखाच्या घरात जातं. २१-२२ इंची टायर एका खड्ड्यात फुगला तर एक बदलून भागत नाही. चारचाकी पकडीच्या गाडीत दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या लागतात.

माझ्या चुलतभावाने सात वर्षं जुनी जर्मन एसयूव्ही २२ लाखांना घेतली. नवीन असताना ती सत्तर लाखांची होती, म्हणून त्याला ती स्वस्त वाटली. दीड वर्षात तिच्यावर नऊ लाख गेले. त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं की गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. सात वर्षांची गाडी बावीस लाखांची असली तरी तिचा गिअरबॉक्स सत्तर लाखांच्या गाडीचाच असतो.

वाढीव वॉरंटी घेताना एकच गोष्ट विचारा: पुढच्या मालकाच्या नावावर ती बदलते का? बदलत असेल तर विकताना तिचे बरेचसे पैसे परत येतात.

८. मग वापरलेली घ्यावी का? किती जुनी?

माझ्या पाहण्यात या वर्गातली गाडी पहिल्या तीन वर्षांत तिसरा हिस्सा ते निम्मी किंमत गमावते. तो मार पहिल्या मालकाने खाल्लेला असतो. तीन वर्षांची, चाळीस हजारांच्या आत चाललेली, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच सर्व्हिस झालेली आणि वाढीव वॉरंटी मिळणारी गाडी: पैशाच्या मोलाचा विचार केला तर मला याहून चांगला सौदा माहीत नाही. पाच वर्षांवरची गाडी प्रश्न ७ वाचूनच बघायला जा.

तपासणीत काय बघायचं ते सांगतो, कारण यात फसवणूक फार होते. चासी नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपकडून पूर्ण सर्व्हिस इतिहास काढा. किलोमीटर मागे फिरवलेले तिथे पकडले जातात. परिवहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, मालकांची संख्या आणि थकलेली ई-चलनं बघा. सगळे कॉम्प्युटर तपासून घ्या, फक्त इंजिनचा नाही. गाडी रात्रभर एका जागी उभी करायला सांगा आणि सकाळी एखादा कोपरा खाली बसलाय का ते पाहा.

आणि पुराची गाडी. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण, २०२३ च्या डिसेंबरात चेन्नई, प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का, ते बघा. गालिचा उचलू न देणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊच नका.

९. दिल्लीची गाडी दहा लाखांनी स्वस्त मिळतेय. घेऊ का?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर अनेक वर्षं बंदीची टांगती तलवार राहिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली होती. म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या डिझेल एसयूव्ही तिथून बाहेर स्वस्तात जायच्या. पुढे न्यायालयाने ही सक्ती सैल केली. तरी दिल्लीचा भाव मुंबई-पुण्यापेक्षा बहुधा खालीच असतो.

पण दहा लाखांची बचत पूर्ण धरू नका. तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र हवं, इथे नव्याने नोंदणी हवी, आणि महाराष्ट्राचा वाहनकर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मूळ मालकाच्या खात्यावर जातो. त्याने तो तुम्हाला द्यायचा की नाही हे सौद्यात लिहून घ्या. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ती खरी बचत. बाकी तपासणी प्रश्न ८ प्रमाणे.

१०. सीए म्हणतात कंपनीच्या नावावर घ्या, कर वाचतो. किती वाचतो?

वाचतो, पण लोक समजतात तेवढा नाही. तीन गोष्टी एकत्र बघा.

पहिली, जीएसटी. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचा परतावा सर्वसाधारण व्यवसायाला मिळत नाही. गाड्या विकणारे, भाड्याने प्रवासी नेणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे यांचा अपवाद आहे.

दुसरी, आरटीओ. कंपनीच्या नावावर महाराष्ट्रात २० टक्के कर लागतो, इंधन कुठलंही असो. एक कोटीच्या डिझेल गाडीला १५ ऐवजी २० लाख.

तिसरी, घसारा. आयकरात गाडीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. गाडी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षी निम्मा. एक कोटी वीस लाखांवर पाच पूर्ण वर्षांत साधारण ६७ लाख घसारा होतो. २५ टक्के कर धरला तर वाचले पावणेसतरा लाख. त्यातून आरटीओचे जादा पाच लाख वजा करा. बारा लाखांच्या आसपास उरतात. वाईट नाही, पण प्रश्न ४ मधले ८९ लाख घालवून बारा वाचवणं याला बचत म्हणत नाहीत. कामाला गाडी लागतच असेल तर हा फायदा घ्या.

आणि हा मुद्दा फार थोड्यांना माहीत असतो: तुमचा व्यवसाय एकल मालकीचा असेल तर गाडी तुमच्याच नावावर नोंदते, कर व्यक्तीच्या दराने लागतो, आणि व्यवसायात वापराच्या प्रमाणात घसाराही घेता येतो. हे सीएंना आधी विचारा, बुकिंगनंतर नको.

११. कर्ज काढू की रोख देऊ?

एक कोटीचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता दोन लाख साडेसात हजार, आणि एकूण व्याज साडेचोवीस लाख. हे व्याज प्रश्न ४ च्या बेरजेत जोडा. शेवटी मोठी रक्कम ठेवून हप्ता लहान दाखवणाऱ्या योजनांत शेवटची रक्कम आणि गाडीचा तेव्हाचा बाजारभाव शेजारी शेजारी लिहून बघा. हप्ता लहान दिसतो म्हणून मोठी गाडी घेतलेले लोक मी फार दुःखी पाहिले आहेत.

१२. विम्यात काय घ्यायलाच हवं?

विमा गाडीच्या घोषित किमतीवर चालतो, आणि ती ठरलेल्या दराने उतरते: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के वजावट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्यात आरटीओ कर धरलेला नसतो. नवी गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण नष्ट झाली, तर भरलेले पंधरा लाख गेले. पहिली तीन वर्षं बीजकाची पूर्ण रक्कम देणारं संरक्षण म्हणूनच घ्या. सोबत शून्य घसारा (दाव्यात बदललेल्या भागांची झीज न कापणारं) आणि इंजिनचं संरक्षण.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करू नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतले दांडे वाकतात, आणि साधा विमा ते नुकसान नाकारू शकतो. रेंज रोव्हर आणि डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकतात असं कंपनी सांगते. ते शांत पाण्यात, हळू वेगात. मुंबईच्या मिलन सबवेतल्या पाण्याखाली उघडं झाकण आहे का, हे कुठल्याच गाडीला दिसत नाही.

१३. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसेल का?

बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली जा. बऱ्याच सोसायट्यांत जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. साधी रेंज रोव्हर ५.०५ मीटर, लांब व्हीलबेसची ५.२५ मीटर, जीएलएस ५.२ मीटरच्या आसपास. रेंज रोव्हरची रुंदी आरसे मिटून दोन मीटरच्या वर आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून पंचेचाळीस सेंटिमीटर उरतात. दरवाजा उघडून आजोबांना कसं उतरवणार? वर-खाली गाड्या ठेवणारं यंत्र असेल तर त्यावरची वजनाची आणि उंचीची पाटी वाचा. या गाड्या अडीच टनांच्या घरात जातात.

१४. जिल्ह्याच्या ठिकाणी राहतो. सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटरवर. तरी घ्यावी का?

हा गाडीच्या मोलाचा मोठा भाग आहे आणि किमतीच्या यादीत तो दिसत नाही. दर सर्व्हिसला एक दिवस, टो करून न्यायचा खर्च, भाग येईपर्यंत पंधरा दिवस गाडी बंद. तुमच्या शहरात ज्या ब्रँडचं स्वतःचं वर्कशॉप आहे, त्याला माझ्या मते वीस टक्के जास्त गुण द्यायला हवेत. नसेल, तर प्रश्न ५ मधल्या टोयोटांकडे परत वळा.

१५. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला. वडिलांना मोठी गाडी घ्यायची आहे. त्यांना कसं सांगू?

समृद्धीच्या वेळी आणि आता पुण्याच्या रिंगरोडच्या निमित्ताने ही पत्रं जास्त येतात, आणि मला ती सगळ्यात अवघड जातात. चाळीस वर्षं एसटीच्या मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला एकदा पुढे बसावंसं वाटलं तर त्यात चूक काय?

मी एवढंच सांगतो. जमीन एकदाच विकली जाते. मोबदल्यातून आधी जमीन किंवा घर, मग मुलांचं शिक्षण, मग ठेव. त्या ठेवीच्या एका वर्षाच्या व्याजात ज्या गाडीचा वर्षाचा पूर्ण खर्च बसतो, किंमत उतरण्यासकट, ती गाडी घ्या. एक कोटीच्या ठेवीवर सात लाख व्याज धरलं, तर तीन वर्षं जुनी फॉर्च्युनर त्यात आरामात बसते. दीड कोटीची नवी एसयूव्ही बसत नाही. वडिलांना नाही म्हणू नका. कागदावर हा हिशेब घेऊन त्यांच्याजवळ बसा, आणि जुनी पण चांगली गाडी दाखवायला स्वतः घेऊन जा. चाव्या त्यांच्याच हातात द्या.

१६. आम्ही अमेरिकेहून कायमचे परत येतोय. तिथली गाडी आणता येईल का?

नाही. वापरलेली गाडी आणायची तर स्टीअरिंग उजवीकडे हवं, गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, आणि शुल्क प्रश्न २ मधल्यापेक्षाही जड बसतं. अमेरिकेतली गाडी पहिल्याच अटीत अडते. तिथे विका, डॉलर घेऊन या. इंग्लंड किंवा सिंगापूरहून येणाऱ्यांचं स्टीअरिंग जमतं, पण शुल्क भरल्यावर इथे घेणंच स्वस्त पडतं.

१७. विकायची वेळ कशी ओळखायची?

वॉरंटीचे सहा महिने उरलेले असताना, किंवा ती संपून गाडी पक्की ठेवायचं ठरल्यावर अगदी शेवटी. मधल्या काळात, म्हणजे वॉरंटी नुकतीच संपलेली असताना, ग्राहक सगळ्यात घाबरलेला असतो. त्याच मॉडेलची नवी आवृत्ती जाहीर झाली की भाव पडतो, म्हणून कंपनीच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. दोन्ही चाव्या, सर्व्हिसची सगळी बिलं, टायरचं बिल आणि वाढीव वॉरंटीचा कागद एका फाइलमध्ये ठेवा. पांढरा, काळा आणि राखाडी रंग लवकर जातो. चमकदार निळ्या किंवा लाल गाडीसाठी थोडा जास्त वेळ हाताशी ठेवा.